सागरसफरीचे वय

दिल्लीच्या नैर्ऋत्य भागातील रामकृष्णपुरम, म्हणजे सर्वांच्या तोंडी रुळलेले आर. के. पुरम, ही मुख्यत्वे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत. तेथून मुंबई रेल्वेने सुमारे १,३८५ किलोमीटर. समुद्र इतका दूर असूनही या वसाहतीतील मराठी घरांत अलीकडे सुटीच्या बेतांमध्ये ‘क्रूझ’ हा शब्द वारंवार ऐकू येतो. २०२१ च्या सप्टेंबरात मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज गोव्याच्या व लक्षद्वीपच्या सफरी करू लागले आणि परदेशी न जाताही जहाजावर सुटी घालविता येते, हे मध्यमवर्गाच्या ध्यानी आले. प्रवासाचा खर्च, रजा, सोबत या गोष्टींचा मेळ कसाबसा बसतो. अडते ते एकाच प्रश्नावर. मुले या प्रवासाइतकी मोठी झाली आहेत काय?

उदाहरणादाखल सेक्टर ७ मधील, मलै मंदिराच्या आसपासच्या सरकारी निवासस्थानात राहणारे एक पाच जणांचे कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. पती मंत्रालयात विभाग अधिकारी, पत्नी शिक्षिका, थोरली मुलगी दहा वर्षांची, धाकटा मुलगा दीड वर्षाचा, आणि बहात्तर वर्षांची आजी, जिचे बालपण वेंगुर्ल्याकडे गेले. थोरलीला जहाज हवे आहे. धाकट्याला काय हवे ते अद्याप सांगता येत नाही. आजी काही बोलत नाही. परंतु जहाजाचा विषय निघाला की हातातले काम बाजूला ठेवून ऐकत बसते.

कोकणच्या माणसाला हा प्रश्न पूर्वी कधी पडलाच नव्हता. मुंबई-गोवा किनाऱ्यावरील आगबोटीने तान्ही बाळे, बाळंतिणी, म्हातारीकोतारी सारीच प्रवास करीत. कारण दुसरा सोयीचा मार्ग नव्हता. अनेक बंदरांत बोट धक्क्याला लागत नसे. ती दूर खोल पाण्यात उभी राही आणि उतारूंना पडावातून तिच्यापर्यंत न्यावे लागे. हेलकावणाऱ्या पडावातून मूल वरच्या हातांत देणे हा आईच्या धीराचा क्षण असे. प्रवासात होणाऱ्या ओकारीला मराठीने ‘बोट लागणे’ असा शब्दप्रयोग दिला, यावरूनच तो अनुभव किती घरोघरचा होता हे कळते. मात्र त्या पिढीचा एक नियम पक्का होता. पावसाळ्यात कोकणची बोट बंद. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट मुंबईनजीक बुडाली आणि सहाशेहून अधिक जीव गेले. ती आठवण किनाऱ्यावरील घरांत आजही पुसली गेलेली नाही. आजचे जहाज त्या बोटींहून सर्वस्वी वेगळे आहे. ‘एम्प्रेस’ची लांबी २११ मीटर असून तिचे सकल टनभार मान ४८,५०० हून अधिक आहे. तरीही ऋतूचा तो नियम, विशेषतः मुलांच्या बाबतीत, मोडण्याचे काही कारण नाही.

दिल्लीकरांची खरी अडचण इथेच आहे. येथील शाळांची मोठी सुटी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास लागते आणि जूनअखेर संपते. मोसमी पाऊस केरळात सर्वसाधारणपणे १ जूनला व मुंबईत १०-११ जूनच्या सुमारास पोचतो. म्हणजे शाळा मोकळी असते तेव्हा अरबी समुद्र खवळू लागलेला असतो. पश्चिम किनाऱ्यावरील सफरीसाठी मग दसरा-दिवाळीची सुटी किंवा जानेवारीच्या आरंभीची हिवाळी सुटी एवढेच पर्याय उरतात. हे दिवस दिल्लीत धुरकट हवेचे असल्याने मुलांना चार दिवस समुद्रावरचा वारा मिळाला तर तो लाभच म्हणावयाचा.

आता वयाकडे वळू. आंतरराष्ट्रीय क्रूझ कंपन्यांमध्ये साधारणतः सहा महिन्यांखालील बाळास प्रवेश नसतो आणि ज्या सफरीत सलग तीन वा अधिक दिवस किनारा लागत नाही तेथे ही मर्यादा बारा महिन्यांची असते. पालकांनी या आकड्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. सहा महिन्यांचे बाळ सफरीचा आनंद घेऊ शकते, असे त्यातून सुचविलेले नाही. जहाजावरील दवाखान्यात डॉक्टर असतो, पण तो बालरोगतज्ज्ञ असेलच असे नाही. आणि आजारी अर्भकास किनाऱ्यावर पोचविण्यास कित्येक तास लागू शकतात. कंपनी ज्या वयाखाली ही जोखीम पत्करीत नाही, तेवढेच त्या नियमात सांगितलेले असते. भारतातील लसीकरण वेळापत्रकात गोवर-रुबेलाची पहिली मात्रा नऊ ते बारा महिन्यांच्या दरम्यान व दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दिली जाते. हजारो अनोळखी माणसे एका छताखाली जेवतात अशा ठिकाणी मूल नेण्यापूर्वी निदान ही मात्रा पूर्ण झालेली असावी, हे बँकेच्या पासबुकाइतकेच काळजीपूर्वक तपासून घ्यावे.

एक ते तीन वर्षांचे मूल हा सर्वांत अवघड टप्पा. ते धावू शकते, चढू शकते, पण ‘नको’ या शब्दाचा अर्थ त्याला सोयीनेच कळतो. जहाजांच्या उघड्या डेकवरील कठड्याची किमान उंची आंतरराष्ट्रीय नियमांनुसार एक मीटर असते. तीन वर्षांचे मूल स्वतःच ९५ सेंटिमीटरच्या आसपास उंच असते, आणि खोलीच्या सज्जात बहुधा एक खुर्ची व एक टेबल ठेवलेले असते. कठडा आणि खुर्ची यांचे गणित ज्या पालकाने एकदा मनात मांडले, तो या वयाच्या मुलासह सज्जाची महाग खोली घेणार नाही. आतील बाजूची, खिडकी नसलेली खोली स्वस्तही पडते व दुपारच्या झोपेला काळोखही देते.

पोहण्याच्या तलावाचीही गोष्ट आहे. लंगोट बांधलेल्या मुलांना बहुतेक जहाजांवर तलावात उतरू देत नाहीत. मुलांच्या क्रीडागृहातही बहुतेक ठिकाणी तीन वर्षे पूर्ण झालेली आणि शौचाची सवय लागलेली मुलेच स्वीकारतात. म्हणजे जहाजाच्या भाड्यात ज्या सुखसोयींचे पैसे मोजलेले असतात, त्यांपैकी फारच थोड्या दीड वर्षाच्या मुलाच्या वाट्याला येतात. त्यातच तीन-साडेतीन वर्षांपूर्वीच्या आठवणी माणसाजवळ क्वचितच उरतात. या वयातील सफर मुलासाठी नसून आईवडिलांसाठी असते. तसे असण्यात गैर काही नाही. फक्त घरात तसे मोकळेपणाने कबूल करावे.

एका बाबतीत मात्र तान्ही मुले थोरांपेक्षा सुदैवी असतात. दोन वर्षांखालील मुलांस बोट क्वचितच लागते. कानातील तोल सांभाळणारा अवयव हालचाल सांगतो आणि डोळ्यांना मात्र खोलीच्या स्थिर भिंती दिसतात, या विसंगतीतून मळमळ उद्भवते; आणि तिचा जोर साधारणतः सात ते बारा या वयात सर्वाधिक असतो. म्हणजे आपल्या उदाहरणातील दहा वर्षांची थोरली, जी जहाजासाठी सर्वाधिक उत्सुक आहे, तिलाच त्रास होण्याचा संभव अधिक. मसुरी किंवा नैनितालच्या वळणांवर तिला गाडी लागत असेल तर हे गृहीतच धरावे. जहाजाच्या मध्यभागी व खालच्या मजल्यावर हेलकावा सर्वांत कमी जाणवतो, म्हणून खोली तेथली मागावी. तिला वाचत बसू न देता डेकवर नेऊन क्षितिजाकडे पाहावयास सांगावे. घरोघरी परिचित असलेल्या ‘ॲव्होमिन’सारख्या गोळ्यांतील प्रोमेथाझिन हे औषध दोन वर्षांखालील मुलांस वर्ज्य आहे, मोठ्या मुलांनाही मात्रा डॉक्टरांनीच ठरवून द्यावी. थोरल्यासाठी आणलेली गोळी अर्धी करून धाकट्याला देण्याची घरगुती पद्धत जहाजावर तरी कोणी अवलंबू नये.

पोटाच्या विकारांविषयी एक लहानशी गोष्ट. जहाजांवर झपाट्याने पसरणाऱ्या नोरोव्हायरसवर हाताला चोळावयाचे अल्कोहोलयुक्त द्रावण पुरेसे ठरत नाही, साबण व पाणीच लागते. जे मूल सांगितल्यावाचून जेवणाआधी हात धुते, ते सफरीस अर्धे तयार झाले असे समजावे.

सुरक्षिततेचा कस लागतो तो सरावाच्या वेळी. समुद्रावरील जीवितरक्षणाचा ‘सोलास’ हा आंतरराष्ट्रीय करार ‘टायटॅनिक’च्या १९१२ मधील दुर्घटनेनंतर प्रथम १९१४ साली झाला, त्याचे सध्याचे रूप १९७४ चे आहे व त्यात वेळोवेळी सुधारणा होत असतात. २०१२ च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्यावर ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ उलटल्यानंतर प्रवाशांचा आणीबाणीचा सराव जहाज सुटण्यापूर्वी अथवा सुटताच घेणे बंधनकारक झाले. जीवरक्षक जाकिटांचेही माप ठरलेले आहे. १५ किलोपेक्षा कमी वजनाच्या व १०० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या बाळास अर्भकाचे जाकीट, त्यापुढे ४३ किलोपर्यंत बालकाचे आणि त्याहून अधिक वजनास मोठ्यांचे. दहा-अकरा वर्षांच्या सुदृढ मुलामुलींचे वजन या सीमेच्या जवळ असू शकते. म्हणून घरून निघतानाच मुलांचे वजन व उंची कागदावर लिहून घ्यावी आणि खोलीत पाऊल टाकताच त्या मापाचे जाकीट आहे की नाही हे पाहावे. नसल्यास सेवकाकडे तत्क्षणी मागावे, लाजू नये.

सरावाच्या वेळी जे मूल घोळक्यात आईचा हात न सोडता उभे राहते, आपले पूर्ण नाव व खोलीचा क्रमांक सांगू शकते, ते प्रवासायोग्य होय. हे साधारणतः चार-पाच वर्षांपासून जमू लागते. एकटे फिरण्याची मुभा ही निराळी बाब असून ती दहाच्या आधी देऊ नये. योगायोग असा की, रिझर्व्ह बँकेच्या २०२५ मधील परिपत्रकानुसार दहा वर्षे पूर्ण केलेल्या अल्पवयीनांना, बँकेने ठरविलेल्या मर्यादेत, स्वतःच्या स्वाक्षरीने बचत खाते चालविता येते. शाखेच्या काउंटरवर ज्या मुलीच्या हाती पैसे काढण्याची स्लिप विश्वासाने देता येते, तिला डेकवरून भोजनगृहापर्यंत एकटी जाऊ देण्यास हरकत नसावी.

पैशाचा हिशेब त्यामानाने सोपा आहे. सरकारी कर्मचाऱ्याच्या रजा प्रवास सवलतीचा चार वर्षांचा नवा गट २०२६ ते २०२९ असा असून त्यात एकदा भारतात कोठेही जाता येते. परंतु ही सवलत मूलतः प्रवासभाड्यापुरती असते, आणि जहाजाच्या भाड्यात निवास, भोजन व करमणूक एकत्र बांधलेली असतात. यास्तव जहाजाचा खर्च मिळेल असे गृहीत न धरता दिल्ली ते मुंबई वा कोची या प्रवासापुरताच विचार करावा आणि आपल्या प्रशासन विभागाकडे आधी लेखी विचारणा करावी. उर्वरित रकमेसाठी आवर्ती ठेव हा जुना मार्ग आजही उत्तम. दरमहा ५,००० रुपये चोवीस महिने भरल्यास मुद्दलच १,२०,००० रुपये होते, व्याज निराळे. परदेशी सफर असेल तर मुलांचे स्वतंत्र पारपत्र लागते. पंधरा वर्षांखालील मुलाचे पारपत्र पाचच वर्षे चालते, हे विसरून ऐन वेळी धावपळ करणारी कुटुंबे थोडी नाहीत. प्रवास विम्यात आजारी व्यक्तीस किनाऱ्यावर हलविण्याचा खर्च अंतर्भूत आहे काय, हे मात्र शब्दशः वाचावे.

पुन्हा सेक्टर ७ कडे. वरील सर्व कसोट्या लावल्या तर उत्तर ‘दोन वर्षे थांबावे’ असे येते. तेव्हा धाकटा साडेतीन वर्षांचा होईल, थोरली बारा वर्षांची; नववी-दहावीचे ओझे अद्याप दूर असेल. दोन भावंडांत साडेआठ वर्षांचे अंतर असलेल्या घरात दोघांनाही एकाच जहाजावर गोडी वाटेल असा काळ जेमतेम दोन वर्षांचा असतो, आणि तो नेमका तेव्हा सुरू होतो. आवर्ती ठेवही तोवर पुरी होईल.

या हिशेबात आजीचे वय मात्र कोणी धरलेले नसते. मुलांच्या वाढीसाठी थांबण्याची किंमत घरातील वृद्ध माणसे मोजतात. बहात्तराव्या वर्षी जी जिन्याचा कठडा धरून चढते, ती चौऱ्याहत्तराव्या वर्षी चढेल काय, हे सांगता येत नाही. विम्याचा हप्ताही वयाबरोबर वाढतो. धाकट्याचे दोन वर्षांनी निभेल, तेव्हाही जहाज असेल. आजीच्या गुडघ्यांविषयी तसे म्हणता येत नाही. अशा घरी दीड वर्षाच्या मुलासह दोन-तीन रात्रींची, किनाऱ्यालगतची छोटी सफर पत्करणे अधिक शहाणपणाचे ठरते. अट एकच: सज्जा नसलेली खोली, आणि आईवडिलांपैकी एकजण आळीपाळीने पूर्णपणे धाकट्याच्या पहाऱ्यावर. तो पहारा आजीवर सोपवू नये. तिला समुद्र पाहावयाचा आहे.

आणि ते ठरविण्यापूर्वी एक रंगीत तालीम करता येते. मुंबईस नातलगांकडे गेल्यावर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास जाणारी, मार्च २०२० मध्ये सुरू झालेली रो-रो बोट सर्वांनी मिळून घ्यावी. प्रवास सुमारे तासाभराचा आहे. तेवढ्या वेळात थोरलीला मळमळते की नाही, धाकटा कठड्याकडे धावतो की आईला बिलगून राहतो आणि आजीला चढउतार कितपत झेपते, हे तिन्ही कळते. मांडव्याला उतरून चहा घ्यावा आणि परतीच्या बोटीत बसल्यावर नोंदणीचे बोलणे काढावे.