आमच्या वाडीचा मनोरा

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीतून मी बारावी केली, कला शाखेतून. भूगोल घेतला तो सोपा जाईल म्हणून. पहिलाच धडा लोकसंख्येचा होता, आणि तिथूनच तो विषय मला जड जायला लागला.

१. कारण विचारलं की आपण आपल्याला आवडेल तेच कारण देतो. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया, आमच्या जिल्ह्यात मात्र ११२२. असं का, या प्रश्नाला मी अभिमानाने उत्तर लिहिलं : कोकणात मुलींना मान आहे. वही परत देताना बाईंनी एवढंच विचारलं, "तुझे काका कुठे असतात गं?" काका परळला. त्याच जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्यात हजारी ८३२ स्त्रिया होत्या. म्हणजे काकू आमच्या तक्त्यात, काका तिकडच्या. एका संसाराची दोन जिल्ह्यांत वाटणी झाली होती. मग बीडचा आकडा पाहिला. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये हजार मुलग्यांमागे ८०७ मुली. त्या काही कामाला गेलेल्या नव्हत्या, त्या मुली जन्मालाच आल्या नव्हत्या. त्या दिवशी मी पुढचा धडा वाचला नाही.

२. घरात माणसं किती, हा अवघड प्रश्न आहे. प्रात्यक्षिकासाठी वाडीत फिरले. अठ्ठेचाळीस घरं, त्यातल्या अकरांना कुलूप. २००१ ते २०११मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ८२ हजारांनी घटली, हे पुस्तकात न वाचताही त्या अंगणांतल्या गवतावरून कळलं असतं. वरच्या घरातल्या काकी म्हणाल्या, "पाच जणं." पडवीत त्या आणि सासूबाई, दोघीच. "बाकीची तिघं मुंबईला. गणपतीला येतील की!" नियमाप्रमाणे मला दोन लिहायचे होते. लिहिले. काकी वहीत वाकून बघत होत्या, म्हणून हाताने झाकून लिहिले.

३. स्थलांतराची कारणं पाठ करायला मला दोन दिवस लागले. आजोबांना ती कुणी शिकवली नव्हती. कातळावरची जमीन, पावसाळ्यात एकदाच येणारा भात, आणि तिकडे लालबागला गिरणीची नोकरी नि गाववाल्यांची खोली. १९८२च्या संपात गिरणी सुटली, तरी ते परतले नाहीत. रखवालदारी धरली. मनीऑर्डर थांबून चालणार नव्हतं.

४. लोकसंख्या मनोरा आधी मला नुसती आकृती वाटायची. आलेख कागदावर आमच्या वाडीचा काढला. डावीकडे पुरुष, उजवीकडे स्त्रिया, खाली लहान मुलं, वर म्हातारी माणसं. उजवी बाजू बरी उतरली. डावी मधोमध आत गेलेली, उंदराने कुरतडल्यासारखी. मला वाटलं माझंच मोजमाप चुकलं, म्हणून दोनदा खोडून पुन्हा काढला. आजी शेजारी तांदूळ निवडत होती. तिने त्या खड्ड्यावर बोट ठेवलं. "इथे कोण?"

"वीस ते पंचेचाळीसचे पुरुष."

तिने सूप बाजूला ठेवलं आणि खालच्या घरापासून सुरुवात करून एकेकाचं नाव घ्यायला लागली.