आंबवलेल्या द्रवातून शुद्ध आम्ल

खडीसाखरेचा पाक सावकाश थंड होऊ दिला, म्हणजे दोऱ्याभोवती स्वच्छ खडे जमतात व पाकातील मळ बराचसा मागे राहतो. ग्लुटामिक आम्ल हे अमिनो आम्ल कारखान्यात शुद्ध करतात, ते ह्याच तत्त्वाने.

गव्हातील चिकट प्रथिनापासून हे आम्ल १८६६ मध्ये रिटहाउझेन ह्या जर्मन रसायनज्ञाने प्रथम वेगळे केले. समुद्रशेवाळाच्या साराची रुची त्याच्यामुळेच येते, हे जपानच्या किकुनाए इकेडा ह्यांनी १९०८ मध्ये दाखविले. पुढे १९५६ मध्ये, शर्करेपासून हे आम्ल बनवून बाहेर टाकणारा एक जंतू जपानातच सापडला. तेव्हापासून ते आंबवण्याच्या क्रियेने मिळू लागले.

आंबवण संपल्यावर हाती येणारा द्रव मात्र गढूळ असतो. त्यात जंतूंच्या पेशी, क्षार, उरलेली शर्करा व रंगद्रव्ये मिसळलेली असतात. आंबवताना अमोनिया घालीत असल्यामुळे आम्लाचा अमोनियम क्षार बनतो व तो पाण्यात सहज विरघळतो. मग आम्ल वेगळे कसे करावयाचे?

ह्या आम्लाच्या रेणूवर धन व ऋण असे दोन्ही विद्युत्भार असतात. द्रवाचा सामू ३.२ झाला की ते परस्परांशी समतोल होतात आणि आम्लाची विद्राव्यता सर्वांत कमी होते. २५° सेल्सियसला एक लिटर शुद्ध पाण्यात सुमारे ८.६ ग्रॅम आम्ल विरघळते. ०° जवळ त्याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणून द्रवात सल्फ्यूरिक आम्ल घालून सामू ३.२ वर आणतात व द्रव थंड करतात. लिटरमध्ये १०० ग्रॅम आम्ल असले, तर त्यातील बहुतेक भाग स्फटिकरूपाने बाहेर पडतो.

परंतु येथे घाई घातक ठरते. ह्या आम्लाचे स्फटिक दोन प्रकारचे असतात. आल्फा स्फटिक दाणेदार असतात; ते लवकर तळाशी बसतात व सहज धुता येतात. बीटा स्फटिक पातळ पापुद्र्यांसारखे असतात. त्यांचा लगदा होतो, तो अशुद्ध द्रव धरून ठेवतो व नीट गाळला जात नाही. मग साऱ्या आंबवणाचे श्रम त्या लगद्यात अडकतात. म्हणून सल्फ्यूरिक आम्ल हळूहळू घालतात, पहिले स्फटिक दिसण्याच्या सुमारास ते थांबवून आल्फाचे थोडे बीजस्फटिक सोडतात आणि द्रव मंदपणे ढवळीत ठेवतात. सावकाश वाढणाऱ्या स्फटिकाच्या रचनेत परक्या रेणूंना सहसा जागा मिळत नाही. घाईने वाढणाऱ्यात मात्र मळ कोंडला जातो.

घाईचा परिणाम विद्यार्थ्यांना तुरटीवर पडताळून पाहता येईल. गरम पाण्यात भरपूर तुरटी विरघळवून त्या द्रावणाचे दोन भाग करावे. एक थंड पाण्यात ठेवून भराभर ढवळावा. दुसरा झाकून रात्रभर निवू द्यावा. सकाळी दोहोंतील स्फटिक भिंगाखाली ठेवून त्यांचा आकार व स्वच्छता ताडून पाहावी.