जुन्या वस्त्रांतून हस्तव्यवसाय

१९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेने हस्तव्यवसायास शिक्षणात मानाचे स्थान दिले. खानदेशात तर कापूस शिवारात पिकतो आणि जीर्ण लुगड्या-धोतरांची गोधडी घरोघरी परिचयाची आहे. तेव्हा या तासासाठी नवे कापड विकत आणण्याचे कारण नाही.

प्रथम कापड पारखण्यास शिकवावे. लुगडे बसावयाच्या भागी आधी विरते. काठ घट्ट विणीचा, म्हणून पुष्कळदा टिकून असतो. कापड उजेडासमोर धरले म्हणजे विरलेला भाग मुलांस आपोआप दिसतो. तो आतल्या थरात घालावा, धड भाग वर घ्यावा. काठाचे उभे धागे ओढून दोन-तीन एकत्र पिळले की शिवणास दोराही मिळतो. टाका साधा धावदोऱ्याचा. आरंभी हातभर चौरस बसकर पुरे. अख्खी गोधडी लहान हातांना झेपत नाही.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. 'घरून जुना कपडा आणा' अशी सरसकट आज्ञा वर्गात देऊ नये. काही मुलांच्या घरी जुना कपडा अद्याप अंगावरच असतो. शाळेत एक गाठोडे ठेवावे, ज्यांना शक्य त्यांनी त्यात निमूटपणे भर घालावी व तुकडे सर्वांना त्यातूनच वाटावेत. शिक्षकाचा जुना सदरा त्यात प्रथम पडला तर उत्तम.