कोऱ्या फॉर्मवर सही घेऊ नकोस

चि. सायलीस,


हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवर, म्हणजे विम्याचे क्लेम पाठवण्याच्या कामावर, तुला नोकरी लागल्याचं ताईने कळवलं. फार आनंद झाला. मी आयुष्यभर त्याच कामाच्या दुसऱ्या टोकाला, विमा कंपनीच्या क्लेम विभागात बसलो. तू पाठवलेले कागद माझ्यासारख्याच कुणाच्या तरी टेबलावर पोचणार. म्हणून फोनवर न बोलता लिहितो आहे. नीट जपून ठेव.

आधी सहीबद्दल. सत्तरी ओलांडलेला माणूस तुझ्यासमोर येतो. चष्मा घरी राहिलेला, बायको आत आयसीयूत. ‘काका, इथे सही करा’ म्हटलं की तो करतो. वाचायला मागितलं तर समोरच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होईल, असं त्या पिढीला वाटतं. फॉर्म कोरा असेल तर पुढे त्यात निदान, खोलीचा वर्ग, दाखल राहिल्याचे दिवस, न वापरलेलं इम्प्लांट, काहीही भरता येतं. खोट्या क्लेमची सुरुवात मी बहुतेक वेळा तिथेच पाहिली. तेव्हा कितीही गर्दी असो, फॉर्म भरून झाल्याशिवाय सही घ्यायची नाही, आणि रकमेचा आकडा त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचा.

हे किती थराला जातं ते अहमदाबादच्या ख्याती रुग्णालयाच्या प्रकरणात दिसलं. नोव्हेंबर 2024 मध्ये मेहसाणा जिल्ह्यातल्या बोरीसणा गावात मोफत आरोग्य शिबिर झालं. दुसऱ्या दिवशी 19 जणांना अहमदाबादला नेलं, 17 जणांची अँजिओग्राफी केली, सात जणांना स्टेंट घातले. दोघे दगावले. आयुष्मान योजनेचे पैसे मिळवण्यासाठी गरज नसताना, नातेवाइकांना न विचारता हे केल्याचा आरोप झाला आणि काहींना अटकही झाली. आरोग्यविम्यातली फसवणूक म्हणजे फक्त कंपनीचं किंवा सरकारचं नुकसान, असं तुला कुणी सांगितलं तर ते मानू नकोस. खोटा क्लेम खरा दिसावा म्हणून कधी धडधाकट माणसालाही टेबलावर झोपवलं जातं. म्हणून शिबिरातून एकाच गावचे, एकाच निदानाचे म्हातारे एकदम दाखल होऊ लागले, तर ते लक्षात घे. स्टेंट किंवा सांधा बसवला असेल तर त्याच्या वेष्टनावरचं बॅच क्रमांकाचं स्टिकर केसपेपरवर आहे का, ते पाहा.

मोबाइल क्रमांकही नीट घे. कॅगच्या 2023 च्या अहवालात आयुष्मान योजनेचे सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच क्रमांकावर नोंदलेले आढळले. तो क्रमांक म्हणजे दहा वेळा नऊ. अशा नोंदीमुळे कार्डावर काय खर्च पडला याचा संदेश त्या माणसापर्यंत पोचतच नाही. आजोबांकडे फोन नसेल तर घरातल्या माणसाचा क्रमांक घे, दलालाचा नको.

डेस्कवरची दुसरी जबाबदारी कुणी तुला सांगणार नाही. रुग्णाचे नातेवाईक हळूच विचारतील, ‘विमा प्राधिकरणातून फोन आला होता, बोनस पडून आहे म्हणे, भरू का पैसे?’ त्यांना ठामपणे सांग, विमा प्राधिकरण म्हणजे आयआरडीएआय पॉलिसी विकत नाही आणि बोनसही वाटत नाही. कार्डाच्या नावाखाली कुणी पैसे मागितले तरी असंच ठाम सांग. 29 ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीपुढच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. त्याला एक रुपयाही लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल आली तर ती उघडायचीच नाही. ती फोनचा ताबा घेते आणि ओटीपी परस्पर वाचते. पैसे गेलेच असतील तर त्याच क्षणी 1930 ही सायबर हेल्पलाइन लावून दे आणि बँकेला कळव. पैसे खात्याखात्यांतून पुढे सरकण्याआधी तक्रार पोचली तरच ते गोठवता येतात. म्हातारी माणसं मुलांना कळेल या लाजेने दोन दिवस गप्प बसतात, आणि तेवढ्यात सगळं हातचं जातं. त्यांना ‘तुम्ही कसं फसलात?’ असं चुकूनही विचारू नकोस.

एजंटांमध्ये सज्जन पुष्कळ आहेत. पण ‘डायबेटिस लिहू नका, हप्ता वाढेल’ म्हणणारा आणि हप्ता स्वतःच्या खात्यावर मागणारा, या दोघांपासून लोकांना सावध कर. लपवलेला आजार क्लेमच्या वेळी निघतो आणि ऐन गरजेला नकार येतो. पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांत परत करता येते, हे पुष्कळांना माहीत नसतं.

तक्रारीची वाट अशी. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी. दाद लागली नाही तर आयआरडीएआयचं ‘बिमा भरोसा’ पोर्टल किंवा 155255. कंपनीने महिनाभरात उत्तर दिलं नाही किंवा ते पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जायचं. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील नाही, आणि 50 लाखांपर्यंतची भरपाई ते देऊ शकतात. पॉलिसीच बनावट निघाली तर मात्र थेट पोलीस. आयुष्मानसाठी 14555, महात्मा फुले योजनेसाठी 155388, शिवाय हॉस्पिटलमधला आरोग्यमित्र.

आता अवघड भाग. कधी तुझ्याच वरिष्ठांनी तारीख बदलायला सांगितली, तर? नकार दे, आणि तो ईमेलवर दे. तोंडी नकार पुढे कुणाला आठवत नाही. चौकशी झाली की कागद भरणाऱ्याचं नाव आधी निघतं, सांगणाऱ्याचं नंतर, तेही निघालं तर. नोकरी जाईल अशी भीती वाटली तर मला रात्री-अपरात्री फोन कर. घरभाड्याची सोय मी करीन, पण तसा कागद भरू नकोस.

आजीचं वय वंदना कार्ड अजून काढलेलं नाही. तिच्या आधारला जोडलेला क्रमांक बंद आहे, तो आधी बदलावा लागेल. येत्या रविवारी ये, दोघे मिळून ते काम करून टाकू.

तुझा,
मामा