आई जवळ आहे असं वाटतं तेव्हा

अगं, परवा फोनवर किती दबक्या आवाजात सांगितलंस! दिवेलागणीला देवापाशी बसलं की तुझी गेलेली आई, माझी मामी, पाठीशी येऊन उभी राहिल्यासारखी वाटते, कधी तिच्या बांगड्या वाजल्याचा भास होतो. आणि वर विचारलंस, "ताई, मला वेड तर नाही ना लागत?" नाही गं राणी, मुळीच नाही.

वेल्समधल्या डेव्ही रीस नावाच्या एका डॉक्टरांनी 1971 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. जोडीदार गमावलेल्या 293 बायका-पुरुषांशी ते बोलले होते. त्यातल्या जवळजवळ निम्म्यांना गेलेलं माणूस आसपास जाणवत होतं. कुणाला नुसती चाहूल लागायची, कुणाला आवाज यायचा, कुणाला ते माणूस दिसायचंसुद्धा. बहुतेकांना त्याचा आधारच वाटत होता, पण डॉक्टरांनी विचारेपर्यंत त्यांनी ते कुणापाशी बोलून दाखवलं नव्हतं. अगदी तुझ्यासारखंच. त्यात मनाचा खेळ किती नि पलीकडचं किती, ते डॉक्टर जाणोत. माझी देवावर श्रद्धा आहे, म्हणून मी म्हणते, मामी आहे. तुझा नवरा त्याला आठवण म्हणेल. म्हणू दे, त्यावरून वाद नको घालूस.

तिला शोधत मात्र बसू नकोस. मामीने वळून ठेवलेल्या फुलवातींचा डबा तुझ्याकडे आहे ना? दुधाचं बोट लावून कापसाला पीळ द्यायची, आणि प्रत्येक वातीचं टोक किंचित डावीकडे कलायचं. त्या संपतील म्हणून जपून ठेवल्यास, ते काही बरं केलं नाहीस. रोज एक लाव. संपल्या की तशाच वळायला बस. हात तिच्यासारखे चालायला लागले की ती किती जवळ येते बघ.

देवाचंही तसंच गं. जनाबाई नामदेवांच्या घरची दासी. तिच्यासोबत विठ्ठल दळायला बसला, शेण्या वेचायला गेला, असंच आपण ऐकत आलो. पंढरपूरजवळ गोपाळपूरला तिचं जातं अजून दाखवतात. तिला देव भेटला तो राबत्या हातांपाशी. म्हणून म्हणते, डोळे मिटून वाट बघण्यापेक्षा पोळ्या लाटता लाटता नाव घे.

आता ते कावळ्याचं. दहाव्याला कावळा लवकर शिवला नाही, तर काकू म्हणाल्या, "वहिनींचं काहीतरी राहिलं बघ," आणि ते तू मनाला लावून घेतलंस. अगं, कावळा हा मुळात सावध पक्षी. घाटावर एवढी माणसं टक लावून उभी असल्यावर तो कशाला खाली उतरेल? आपल्या जुन्या लोकांनाही हे ठाऊक होतंच की. नाही शिवला तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावायची सोय त्यांनीच करून ठेवली. आई लेकीवर रुसून कावळ्याला अडवून धरते, हे मला पटत नाही. मामीला तर मी तान्हेपणापासून ओळखते. तिचा राग कधी चहा गाळेपर्यंतसुद्धा टिकला नाही.

एक मात्र निक्षून सांगते. तिच्याशी बोलणं करून देतो म्हणणारा कुणी देवऋषी, भगत भेटला, प्लँचेटचं कुणी सुचवलं, तर दारातूनच परत पाठव. जे आपसूक येतं त्याला दक्षिणा लागत नाही. आणि झोप उडाली, अन्न जाईना, घराबाहेर पडावंसं वाटेना, किंवा त्या आवाजांची भीती वाटायला लागली, तर सरळ डॉक्टर गाठायचा. त्यात मामीचा अपमान नाही. मग कधीतरी महिनाभर काहीच जाणवणार नाही, तेव्हा ती मला सोडून गेली म्हणून रडत बसू नकोस. तसंही होतं.

मामी सवाष्ण गेली, म्हणजे तिचं अविधवा नवमीला करायचं. खीर, वडे, आमसुलाची चटणी एवढं केलंस तरी पुष्कळ झालं. सवाष्ण म्हणून मी येईन, दुसरी शोधू नकोस.

आणि आज रात्री मामांना फोन कर. त्यांनाही ती जाणवत असेल, पण त्यांना अजून कुणी विचारलेलंच नाही.