विरजणातील वारसा : आंबवलेले अन्न, लॅक्टिक आम्ल जिवाणू आणि त्यांची जनुके

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात रात्रीची भांडी घासून झाली की एक लहानसे काम उरते. कोमट दुधात चमचाभर जुने दही कालवून भांडे झाकून ठेवायचे. हे काम करणाऱ्या मावशींना आम्ही एकदा विचारले, "मावशी, हे विरजण कुठले?" त्या म्हणाल्या, "कालच्या दह्याचं, सर. अन् कालचं परवाच्या." या साध्या उत्तरात आनुवंशिकतेचा सारा धडा सामावला आहे. दह्याचे भांडे रोज रिकामे होते, परंतु त्यातील सजीवांची वंशपरंपरा खंडित होत नाही. या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यासमोर त्याच परंपरेचा अभ्यास आम्ही मांडत आहोत.

दूध आणि दही यांच्यामध्ये काय घडते?

दुधात दुग्धशर्करा, म्हणजे लॅक्टोज, ही साखर असते. विरजणातील जिवाणू तिचे विघटन करून स्वतःसाठी ऊर्जा मिळवतात आणि लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतात. ताज्या दुधाचा सामू सुमारे ६.६ असतो. आम्ल वाढून तो ४.६ च्या आसपास आला की केसिन नावाचे प्रथिन एकत्र गोठते आणि दही लागते. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत दही का लागत नसे, हे माजी विद्यार्थ्यांना आता उमगेल. जिवाणू मेलेले नसतात, त्यांची वाढ मंदावलेली असते. भांड्याभोवती गोणपाट गुंडाळण्याची जुनी युक्ती शास्त्राला धरूनच होती. याउलट दूध कढत असतानाच विरजण घातले तर मात्र जिवाणू खरोखर मरतात.

हे कार्य सजीवांचे आहे, असे लुई पाश्चर यांनी १८५७ मध्ये लॅक्टिक किण्वनावरील निबंधात मांडले. १८७८ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी आंबलेल्या दुधातून असा जिवाणू शुद्ध स्वरूपात वेगळा केला. १९०५ मध्ये जिनिव्हा येथे शिकणाऱ्या स्तामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने आपल्या देशातील दह्यातला दंडगोलाकार जिवाणू शोधला. तोच आजचा लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस. पुढे नोबेल पारितोषिक विजेते एली मेचनिकॉफ यांनी अशा दह्याने आयुष्य वाढते, असा विचार मांडला. दीर्घायुष्याचे ते अनुमान सिद्ध झाले नाही, परंतु आतड्यातील जिवाणूंकडे पाहण्याची नवी दृष्टी त्यातून जगाला मिळाली.

आपल्या जीवशास्त्राच्या पुस्तकात ही सारी नावे युरोपातील आहेत. म्हणून एक नोंद विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी. भारतीय दुग्धपदार्थांतून मिळालेल्या एका जिवाणूला २००५ मध्ये स्वतंत्र उपप्रजातीचे स्थान देण्यात आले. तिचे नाव लॅक्टोबॅसिलस डेलब्रुकी, उपप्रजाती इंडिकस. बल्गेरियाप्रमाणे आपल्या देशाचे नावही दह्यातील जिवाणूला मिळाले आहे.

आपल्या ताटातील आंबवण

आपला गोंदिया जिल्हा तळ्यांचा आणि धानाचा. दूध-दुभते येथील प्रत्येक घरात कधीच नव्हते. आपल्या समाजाच्या वाट्याला तर ते फारच थोडे आले. १९३६ साली जयपूर संस्थानातील चकवारा गावी अस्पृश्यांनी पंगतीत तूप वाढले म्हणून त्यांच्यावर हल्ला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'जातिभेद निर्मूलन' या निबंधात त्या घटनेची नोंद केली आहे. कोणी काय खावे, हेही दुसऱ्यांनी ठरवण्याचा तो काळ होता.

तरीही आंबवण्याची विद्या गरिबाच्या चुलीपाशी होतीच. ज्वारीच्या पिठाची आंबील, रात्री पाण्यात ठेवून सकाळी मीठ-कांद्यासह खाल्लेला भात, अनारशासाठी तीन दिवस भिजवलेले तांदूळ, कुरडयांसाठी रोज पाणी बदलून भिजवलेले गहू, ही त्या विद्येची उदाहरणे आहेत. शेजारच्या छत्तीसगडात पाण्यातील भाताला बोरे-बासी म्हणतात. तेथील शासनाने २०२२ च्या कामगार दिनी ती खाण्याचे जाहीर आवाहन केले होते. आपली मुले मात्र डब्यातील आंबील लपवून खातात, हे आम्ही पाहिले आहे. धान्य आंबवल्याने त्यातील फायटेटचे प्रमाण घटते आणि लोहासारखी खनिजे शरीराला अधिक सुलभतेने मिळतात. ज्या पदार्थाची लाज वाटते, त्यामागे असे शास्त्र उभे आहे, हे मुलांना सांगणे आपले कर्तव्य आहे.

येथे एक सावधानता हवी. आंबवलेला प्रत्येक पदार्थ जिवंत जिवाणू पोटात पोहोचवतोच असे नाही. कढी उकळली, इडली वाफवली, कुरडईचा चीक शिजवला की जिवाणू मरतात. पचनसुलभता आणि चव उरते. तेलाचे लोणचे तर मुख्यतः मीठ, आंबटपणा आणि तेल यांच्या बळावर टिकते. तसेच पाण्यातील भाताला दुर्गंधी आली, तार सुटली किंवा बुरशी दिसली, तर तो टाकून द्यावा. आंबणे आणि कुजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जनुकांची लिपी

प्रत्येक जिवाणूच्या पेशीत डीएनएचा धागा असतो. त्यावर चार रासायनिक अक्षरांत जीवनाच्या सूचना लिहिलेल्या असतात. त्यातील एकेक सूचना म्हणजे जनुक. मानवाचा जनुकसंच सुमारे ३०० कोटी अक्षरांचा आहे. २००६ मध्ये वाचला गेलेला बल्गेरिकसचा जनुकसंच सुमारे १८ लाख ६५ हजार अक्षरांचा आहे. लॅक्टिक आम्ल जिवाणूंपैकी सर्वांत प्रथम, २००१ मध्ये, लॅक्टोकोकस लॅक्टिसचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला.

या लिपीतून तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे परिस्थितीचा ठसा. दह्यातील दुसरा जिवाणू स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस हा रोगकारक जिवाणूंचा नातलग आहे. त्याच्या जनुकांपैकी सुमारे एक दशांश जनुके निकामी झाल्याचे २००४ मध्ये दिसले. दुधात सर्व काही आयते मिळत असल्याने अनेक जुन्या सूचनांची गरज उरली नाही. रोग निर्माण करण्यास उपयोगी पडणारी काही जनुकेही त्यात लोप पावली. पिढ्यान् पिढ्या माणसाच्या दुधाच्या भांड्यात राहून हा जिवाणू जणू माणसाळला. याउलट वनस्पती, आंबवलेल्या भाज्या आणि आतडे अशा अनेक ठिकाणी राहणाऱ्या प्लँटारम या जिवाणूचा जनुकसंच सुमारे ३३ लाख अक्षरांचा आहे. ज्याला अनेक घरी राहायचे, त्याला अधिक साधने जवळ बाळगावी लागतात.

दुसरी गोष्ट म्हणजे सहकार्य. बल्गेरिकसकडे प्रथिने तोडणाऱ्या विकराचे जनुक आहे. त्यामुळे सुटलेले अमिनो आम्लांचे तुकडे थर्मोफिलसला मिळतात. थर्मोफिलस त्याबदल्यात फॉर्मिक आम्ल, फॉलिक आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड पुरवतो. एकटे असताना दोघेही मंद, एकत्र आले की दोघेही वेगवान.

तिसरी गोष्ट म्हणजे स्मृती. जिवाणूंवरही विषाणू हल्ला करतात, आणि दही-चीजच्या कारखान्यांचे त्यामुळे मोठे नुकसान होते. रोडोल्फ बारांगू, फिलिप होर्व्हाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवले की, हल्ल्यातून वाचलेला थर्मोफिलस त्या विषाणूच्या डीएनएचा छोटा तुकडा आपल्या डीएनएत साठवतो. ही व्यवस्था म्हणजे क्रिस्पर. पुढच्या पिढ्या तो विषाणू ओळखून त्याला कापून काढतात. अशाच जिवाणू-व्यवस्थेतून जनुके हवी तेथे कापण्याचे साधन घडवल्याबद्दल इमॅन्युएल शार्पोंतिए आणि जेनिफर डाउडना यांना २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दह्यातील एका सूक्ष्म जिवाणूच्या अभ्यासाने या विद्येला मोठा आधार दिला, ही लहान गोष्ट नव्हे.

प्रोबायोटिक : शब्द आणि वस्तुस्थिती

बाजारात आज हा शब्द अनेक बाटल्यांवर दिसतो. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये त्याचा अर्थ निश्चित केला. पुरेशा प्रमाणात दिल्यास आरोग्याला लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक. यात 'जिवंत', 'पुरेसे' आणि 'लाभ' हे तीनही शब्द महत्त्वाचे आहेत.

लाभ हा जातीचा नसतो, विशिष्ट वाणाचा असतो. ऱ्हॅम्नोसस जीजी या वाणाच्या पृष्ठभागावर आतड्यातील श्लेष्म्याला चिकटणारे सूक्ष्म तंतू असतात. त्यांची जनुके २००९ मध्ये सापडली. त्याच प्रजातीच्या एलसी७०५ या वाणात ती जनुके नाहीत. एकाच धानाचे दोन वाण जसे वेगळे वागतात, तसेच हे आहे.

ओडिशाच्या १४९ खेड्यांत ४,५५६ नवजात बालकांवर झालेला प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. प्लँटारमचा एक विशिष्ट वाण आणि त्याचे पोषक द्रव्य सात दिवस देण्यात आले. जंतुसंसर्ग किंवा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. आपल्यासारख्याच धान पिकवणाऱ्या खेड्यांतील ही बालके होती, म्हणून हा निष्कर्ष आपल्या काळजाला भिडतो. दुसरीकडे, अमेरिकेत जीजी वाण देऊनही लहान मुलांची हगवण लवकर थांबली नाही, असे २०१८ मध्ये दिसून आले. एका ठिकाणचा लाभ दुसरीकडे गृहीत धरता येत नाही.

घरच्या दह्याचे काय? त्यातील जिवंत जिवाणू दुग्धशर्करा पचवण्यास मदत करतात. म्हणून दूध न सोसणाऱ्या अनेकांना दही सोसते. हा लाभ निश्चित आहे. मात्र दही हे औषध नव्हे.

पालकांसाठी चार शब्द

सहा महिन्यांपर्यंत बाळाला केवळ आईचे दूध द्यावे. ओडिशाचा प्रयोग वाचून नवजात बाळाला दही चाटवू नये. मुलांना हगवण लागली तर ओआरएस आणि झिंक हा पहिला उपाय आहे. तो आशाताईंकडे मिळतो. प्रतिजैविके मनाने घेऊ नयेत. प्रतिकारशक्ती देणारी जनुके एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात आणि औषध निरुपयोगी होते. महागडी बाटली घेण्यापूर्वी तिच्यावर प्रजाती, उपप्रजाती असल्यास ती, वाण आणि मुदत संपेपर्यंत टिकणारी जिवंत जिवाणूंची संख्या लिहिली आहे का, हे पाहावे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०११ च्या मार्गदर्शक तत्त्वांत वाण आणि जिवंत संख्या नोंदवण्याची अपेक्षा आहे.

दीघ निकायातील पोट्ठपाद सुत्तात दूध, दही, लोणी आणि तूप यांचा दृष्टान्त येतो. दूध असते तेव्हा त्याला दही म्हणत नाहीत, आणि दही झाल्यावर ते दूध राहत नाही. आपली शाळाही तशीच आहे. विद्यार्थी येतात, बदलतात, बाहेर पडतात. परंतु कालच्या दह्यातून आजचे विरजण उरते. माजी विद्यार्थ्यांनो, पुण्यातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राशी संलग्न सूक्ष्मजीव संग्रहात असे हजारो जिवाणू जपून ठेवलेले आहेत. आपल्या जिल्ह्यातील आंबील आणि पाण्यातील भात यांतील जिवाणूंचा अभ्यास करणारा संशोधक याच वसतिगृहातून घडावा, एवढीच आमची इच्छा आहे. विरजण तयार आहे. ते पुढे न्यावे.