संगणकास लेखी आज्ञा : व्यापाऱ्यांसाठी प्राथमिक पाठ

पेढीवरचा जुना मुनीम थोड्या शब्दांत काम समजून घेत असे. आणि आज्ञा संदिग्ध वाटल्यास थांबून विचारीतही असे. संगणक पहिल्या गुणात मुनिमासारखा आहे, दुसऱ्यात नाही. लिहिलेली आज्ञा तो तत्काळ व अक्षरशः पाळतो. प्रस्तुत पाठाचे सार या एका भेदात आहे.

वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला आणि हिशेबाची पुष्कळशी कागदपत्रे संगणकावर आली. त्या कायद्याच्या कलम ३६ अन्वये ती वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. इतक्या वर्षांच्या फायली एकेक उघडून पाहणे कष्टाचे असते. टर्मिनल नामक खिडकीत एक ओळ टंकून तेच काम क्षणात होते. म्हणून या विद्येची ओळख व्यापारी बंधूंस असणे हिताचे आहे.

उगम

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये ‘युनिक्स’ या प्रणालीचा आरंभ केला. त्या काळी आज्ञा टेलिटाइप यंत्रावर टंकीत. ते यंत्र सेकंदास सुमारे १० अक्षरे छापी. आज्ञा दोन-तीन अक्षरांच्या राहिल्या, याचे एक कारण हेच. १९९१ मध्ये आलेल्या लिनक्समध्ये व आजच्या मॅक संगणकांत त्याच आज्ञा चालतात. विंडोजवरही लिनक्सची जोड घेता येते.

येथे आज्ञा देवनागरीत दिल्या आहेत. यंत्रावर मात्र त्या इंग्रजी लहान अक्षरांत व इंग्रजी अंकांत टंकाव्यात आणि शेवटी एंटरची कळ दाबावी.

आपण कोठे आहोत?

‘पी-डब्ल्यू-डी’ ही आज्ञा आपण कोणत्या फोल्डरात आहोत ते सांगते. ‘एल-एस’ तेथील फायलींची यादी देते. ‘सी-डी’ व पुढे फोल्डराचे नाव लिहिल्यास आपण त्यात प्रवेश करतो. ‘सी-डी’पुढे जागा सोडून दोन टिंबे दिल्यास एक पायरी वर येतो.

स्थानाला इतके महत्त्व का, हे देवासकरांस निराळे सांगावयास नको. तुकोजी व जिवाजी या पवार बंधूंपासून देवासच्या थोरली पाती व धाकटी पाती अशा दोन शाखा झाल्या. शहर एकच, राज्ये दोन. १९४८ मध्ये दोन्ही मध्यभारतात विलीन होईपर्यंत नुसते ‘देवास संस्थान’ म्हटल्याने पत्ता पुरा होत नसे. तसेच ‘खरेदी’ नावाची फाईल २०२३ च्या फोल्डरात असते आणि २०२४ च्याही. आपण कोणत्या पातीत उभे आहोत हे न पाहता दिलेली आज्ञा भलत्याच वर्षाच्या वहीवर चालेल.

शोध व ताळा

समजा, ‘खरेदी’ या साध्या मजकुराच्या फाईलमध्ये प्रत्येक बिलाची एक ओळ आहे आणि ओळीच्या आरंभी पुरवठादाराचा १५ अक्षरी कर-क्रमांक आहे. त्याचे पहिले दोन अंक राज्याचे असतात : मध्य प्रदेशास २३, महाराष्ट्रास २७, गुजरातेस २४. मुंबई-पुण्याकडील बिले निवडावयाची तर ‘ग्रेप’ (जी-आर-ई-पी) ही आज्ञा द्यावी :

ग्रेप '^२७' खरेदी

२७ पूर्वीचे टोपीसारखे चिन्ह ‘ओळीच्या आरंभी’ असा अर्थ दाखवते. ते गाळल्यास रकमेत किंवा तारखेत २७ असलेली ओळही निवडली जाईल.

‘सॉर्ट’ (एस-ओ-आर-टी) ओळी क्रमाने लावते. ‘युनिक’ (यू-एन-आय-क्यू) लागोपाठ आलेल्या सारख्या ओळी ओळखते. एका आज्ञेचे फळ दुसरीच्या हाती देणारी उभी रेघ ही या प्रणालीची मोठी खुबी होय :

सॉर्ट खरेदी | युनिक -डी

एकच बिल दोनदा नोंदले गेले असल्यास ते येथे उघडे पडते आणि एकाच खरेदीवर दोनदा कर-वजावट मागण्याचा प्रसंग टळतो. मात्र दोन्ही ओळी अक्षरशः एकच असाव्या लागतात. एकीत एक जागा अधिक असली तरी यंत्र त्यांस भिन्न मानते. म्हणून हा ताळा साहाय्यक समजावा, अंतिम नव्हे.

फळ दुसऱ्या फाईलमध्ये उतरवण्यासाठी ‘>’ हे चिन्ह वापरतात. त्यापुढे मूळ फाईलचेच नाव कदापि देऊ नये. ‘सॉर्ट खरेदी > खरेदी’ असे लिहिल्यास यंत्र प्रथम ‘खरेदी’ कोरी करते व मग वाचावयास जाते; वर्षाची वही रिकामी होते.

नक्कल व नाश

‘सी-पी’ने नक्कल होते, ‘एम-व्ही’ने फाईल हलते किंवा तिचे नाव बदलते, ‘आर-एम’ने ती नष्ट होते. नष्ट झालेली फाईल येथे कचरापेटीत जात नाही. नक्कल करतानाही त्या नावाची फाईल आधीच असल्यास तिच्यावर नवी लिहिली जाते. या तिन्ही आज्ञांपुढे ‘-आय’ जोडल्यास यंत्र अशा वेळी आधी विचारते. नवशिक्याने ते अवश्य जोडावे.

तारकाचिन्ह म्हणजे ‘काहीही’. ‘२०१८*’ म्हणजे २०१८ ने आरंभ होणारी सर्व नावे. परंतु हात चुकून ‘२०१८ *’ अशी मध्ये जागा पडली, तर ‘आर-एम’ त्या फोल्डरातील सर्वच फायली पुसून टाकील. उपाय सोपा आहे. जे पुसावयाचे तेच नाव प्रथम ‘एल-एस’पुढे लिहावे, यादी डोळ्यांखालून घालावी आणि मगच ‘आर-एम’ लिहावे.

साध्या अक्षराचे मोल

मराठेशाहीची दप्तरे मोडी लिपीत आहेत. कागद टिकले, पण वाचणारे विरळ झाले. हिशेबाच्या एखाद्या विशिष्ट प्रोग्रॅमलाच कळणाऱ्या फायलींचीही तीच गत होऊ शकते : प्रोग्रॅम बंद पडला की वही असून नसल्यासारखी. म्हणून दरवर्षी हिशेब साध्या मजकुराच्या रूपातही उतरवून घ्यावा आणि त्याची एक प्रत निराळ्या ठिकाणी ठेवावी.

अभ्यास नेहमी नकलेवर करावा, मूळ वहीवर नाही. आधी स्थान पाहावे, मग यादी पाहावी, मग नक्कल करावी. पुसण्याचे काम सर्वांत शेवटी. हा क्रम हाताच्या वळणी पडला म्हणजे न विचारणाऱ्या या मुनिमाकडून निर्धास्तपणे काम घेता येईल.